चौदा वह्यांची मिसल

एके काळी औरंगपुऱ्यात मला बघून लोक रस्ता बदलायचे. लोक म्हणजे सगळे नव्हेत, फक्त लिहिणारे. एक कवी भाजीच्या गाडीवर मेथीची जुडी निरखत उभे होते. मी येताना दिसले तशी जुडी टाकून असे सटकले की भाजीवाला मलाच विचारू लागला, "ताई, ते साहेब उधार-बिधार आहेत का तुमचे?" तसं काही नव्हतं. एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी नव्या कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं लिहायचे आणि जे वाटलं तेच लिहायचे, एवढाच काय तो माझा गुन्हा. दिवसभर मुलींच्या शाळेत मराठीचे पेपर तपासायचे, त्यामुळे लाल शाईची सवय हाताला होतीच. ती पुरवणीतही सुटली नाही.

माझे यजमान बँकेत होते. ते म्हणायचे, "तुझ्यामुळे या शहरात मला कुणी जेवायला बोलवत नाही." मी म्हणायचे, "वाईट लिहिणाऱ्यांच्या घरी जेवायला जायचंच कशाला?"

एका गोष्टीचा मात्र मला फार तोरा होता. इतर परीक्षणकार मलपृष्ठ वाचून परीक्षण लिहायचे, कुणी प्रस्तावना आणि शेवटची चार पानं वाचून. मी पानन् पान वाचायचे. तूर निवडताना वाचायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचायचे, शाळेत मुली चाचणी लिहीत असल्या की टेबलाच्या खणात पुस्तक उघडून वाचायचे. "मी न वाचता एक ओळ लिहिली असेल तर दाखवा," असं चारचौघांत बजावून सांगायचे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी जी फजिती झाली ती नीट कळेल.

घरात आणखी एक माणूस म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामंजी म्हणायचे. निजामाच्या अमलात ते तहसिलीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून. शिक्षण सगळं उर्दूतून. पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, कारभाराची भाषा बदलली, मामंजींनी चाळिशीत मराठीचा कारभार शिकून घेतला आणि नोकरी पुरी केली. पण कागद नीट लावून ठेवायची खाज काही गेली नाही. कागद म्हणून घरात काही दिसला की तो त्यांच्या तावडीतून सुटायचा नाही. वाण्याच्या चिठ्ठ्या, विजेची बिलं, लग्नपत्रिका, सगळ्याची त्यांच्या भाषेत 'मिसल' व्हायची, म्हणजे फाईल. ती लाल फडक्यात गाठोडं बांधून फळीवर जायची. त्या फडक्याला ते रुमाल म्हणायचे. माझी बाळंतपणाची कागदपत्रंसुद्धा एका रुमालात होती. मी नाशिककडची, मला या सगळ्याचं आधी हसू यायचं, मग संताप यायचा, मग सवय झाली.

तर एका चैत्रात पडेगावहून एक गुरुजी आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. धोतर, पांढरा सदरा, हातात वायरची पिशवी. घराणं धनगराचं, भाऊबंद अजून मेंढरं घेऊन फिरणारे, शिकला तो हा एकटाच. पिशवीतून त्यांनी शाळेच्या चौदा वह्या काढून कॉटवर ठेवल्या. मागे पाढे छापलेले असतात ना, तसल्या. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं.

"मॅडम, एकच कादंबरी लिहिली," ते म्हणाले. "दुसरी लिहिणार बी नाय. दोघा प्राध्यापकांना दाखवली. एक म्हणले, छापा. दुसरे म्हणले, गुरुजी, हे लई रडगाणं झालं. तवापासून मला सुधरंना. तुम्ही कुणाची भीड ठिवत नाय असं ऐकलं, म्हणून आलो. एवढंच बघा, ह्यातली बाई दिसती का डोळ्यांपुढं. दिसत असंल तर छापतो. नसंल तर चुलीत घालतो."

"चुलीत कशाला?" मी म्हणाले.

"मग काय करू? दिसली नाय तर ठिवून उपेग काय?"

चहा पिऊन ते गेले. मामंजी तोवर दाराशी खुर्ची टाकून त्यांची सगळी चौकशी करून बसलेले होते. "बायको गेली त्याची," त्यांनी मला सांगितलं. "तीन साल झाले. पोरगी जालन्याला दिली. घरात एकटाच हाय. कादंबरी म्हणतो, पण तिचंच लिहिलं असंल बघ." मी म्हणाले, "मामंजी, कुणाचं का असेना, वाईट असेल तर मी वाईटच म्हणणार." अशी मी होते. आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी वह्या कॉटवर तशाच टाकून मी शाळेत गेले. संध्याकाळी आले तर कॉट रिकामी आणि टेबलावर लाल रुमालात बांधलेलं गाठोडं.

"सूनबाई, त्या वह्यांची मिसल लावून ठिवली," मामंजी म्हणाले. "शिक्षक माणूस, पण तरतीब म्हणून नाय."

"बरं केलंत," मी म्हणाले. इतकं महागात पडलेलं 'बरं केलंत' मी जन्मात दुसरं म्हटलं नाही.

रात्रीची वाट न बघता मी डाळ चढवली आणि गाठोडं सोडून वरची वही उघडली. दवाखान्यातली खाट. खाटेवर एक बाई. शेजारी नवरा, हातात चहाचा थर्मास. सातव्या पानावर ती बाई मेली. मी उडालेच. नायिकेला पहिल्याच प्रकरणात मारली! आता पुढे तेरा वह्या हा माणूस करणार काय? दुसरी वही उघडली, तर बाई जिवंत, सहा महिन्यांपूर्वीची, खोकतेय आणि तरी जावयासाठी धपाटे थापतेय. तिसऱ्या वहीत मुलीचं लग्न. चौथीत बदलीवरून नवऱ्याशी असं कडाक्याचं भांडण की मला मधे पडावंसं वाटलं. प्रत्येक वहीला बाई तरुण होत चालली. तिचे केस काळे झाले, पडलेले दात परत आले, गुडघे दुखायचे थांबले. माझ्या हातून पेन्सिल कधी गळून पडली कळलं नाही. डाळ करपली तेही यजमान येऊन नाक दाबून उभे राहिले तेव्हा कळलं.

शेवटच्या वहीत ती सतरा वर्षांची. वेरूळच्या डोंगराखालच्या एका वस्तीवर तिला बघायला तरुण मास्तर आलेला. शिकलेला म्हणून सगळ्यांत ऐटीत, पोत्यावर एक पाय मुडपून बसलेला आणि सासऱ्याला खत कसं टाकावं ते शिकवत असलेला. मागून घरचा एडका आला आणि त्यानं अशी धडक दिली की नवरदेव शेजारच्या हौदात. खाली मान घालून बस असं बजावलेली पोरगी इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या हातातली चहाची किटली निसटली. ती हसत असतानाच वही संपली.

मी हसत होते आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या. यजमानांनी घाबरून विचारलं, "काय झालं?"

"जिवंत झाली हो ती!" मी म्हणाले.

वीस वर्षांत असंख्य कादंबऱ्या हातांखालून गेल्या, पण अशी चटका लावून गेलेली दुसरी नाही. मरणापासून सुरू करून माणसाला एकेक दिवस परत मिळवायचं! पुण्या-मुंबईच्या भल्याभल्यांना हे सुचलं नव्हतं आणि पडेगावच्या गुरुजींना सुचलं. मी लगेच कार्ड टाकलं: "गुरुजी, बाई दिसली. छापाच. शेवट तर मी जन्मात विसरणार नाही."

गुरुजी येऊन वह्या घेऊन गेले आणि त्यांनी गुलमंडीजवळच्या एका छापखान्यात पुस्तक टाकलं. छापखानेवाला आजचं उद्यावर ढकलणारा माणूस, पुस्तकं नेहमीप्रमाणे प्रकाशनाच्या दिवशी दुपारी चार वाजता हातगाडीवर आली, शाई ओली. ती थेट चंदेरी कागदात गुंडाळली गेली. म्हणजे छापलेलं पुस्तक मी बघितलेलंच नव्हतं. मला बोलायचं होतं ते वह्यांच्या जोरावर. अध्यक्ष म्हणून गुरुजींनी त्याच प्राध्यापकांना बोलावलं होतं, ज्यांनी रडगाणं म्हटलं होतं. "त्यांनी वाचायला टाइम दिला ना," गुरुजी म्हणाले. असा माणूस.

सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. पडेगावहून एक टेम्पो भरून मंडळी आलेली. पहिल्या रांगेत मामंजी आणि त्यांचे चार-पाच दोस्त, सगळे त्यांच्याच वेळचे, काळ्या टोप्या घातलेले. मी रेशमी साडी नेसून, गुरुजींकडून मागून आणलेल्या दोन वह्या पुराव्याला हातात घेऊन उभी राहिले आणि जी सुटले म्हणता! काळाचा उलटा प्रवास म्हणाले, मृत्यूवर मात म्हणाले, मराठी कादंबरीतलं धाडसी पाऊल म्हणाले. "लेखकानं नायिकेला आधी दवाखान्यात मारली," मी म्हणाले, "आणि मग पानापानानं तिला माहेरच्या अंगणापर्यंत परत आणली!"

गुरुजी व्यासपीठावर बसून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, भारावले.

तेवढ्यात अध्यक्ष खाकरले. ते प्रत उघडून बसले होते. "बाई, जरा थांबा," ते म्हणाले. "नायिका शेवटी जाते. इथे शेवटच्या पानावर आहे."

माझं तर डोकंच फिरलं. मी हात जोडून म्हणाले, "सर, आपण कादंबरी मागून चाळलेली दिसते. आमच्याकडे पानन् पान वाचायची पद्धत आहे." सभागृहात टाळ्या पडल्या. अध्यक्षांचा चेहरा पडला. मला असा जोर चढला की मी तिथंच गप्प बसायचं सोडून दोन्ही वह्या उंच धरल्या.

"ही बघा पहिली वही आणि ही शेवटची. गुरुजींच्याच हातची! आणि यात आणखी एक सुंदर गोष्ट आहे. प्रत्येक वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काही खुणा आहेत. कुठे काडी, कुठे वाकडी काठी, कुठे कोयता. मेंढरं ओळखायला धनगर मंडळी जशा खुणा करतात, तशा आपल्या वाडवडिलांच्या खुणा लेखकानं आपल्या प्रकरणांवर—"

पहिल्या रांगेतल्या सगळ्या काळ्या टोप्या एकदम हलायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं तोंडावर उपरणं धरलं. मामंजी उठून उभे राहिले आणि तहसिलीत पुकारा करावा तसे खणखणीत आवाजात म्हणाले,

"सूनबाई, नंबर हायेत ते. उर्दूतले!"

गुरुजीही निजामाच्या शाळेत शिकलेले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी उजव्या हातातली वही मामंजींकडे वळवली. "ही कितवी, मामंजी?"

"चौदावी."

"आणि ही?"

"पहिली. सरळ एक काडी हाय, लेकराला बी कळंल."

मी दाखवत असलेली शेवटची वही पहिली होती आणि पहिली चौदावी. तरी बुडत्यानं काडी धरावी तशी मी म्हणाले, "पण मामंजी, मिसल तर तुम्ही लावली होती ना?"

"मीच लावली!" मामंजींना आता राग आला होता. "अन् बरोबर लावली. पहिला कागद तळाला, शेवटचा वर. चौतीस साल नोकरी केली, मिसल अशीच लागती. गुरुजींनी उलटी आणली होती, पहिली वही वर ठिवून! मी सुलटी केली."

सभागृह असं हसलं की बाहेरचा पानवाला आत डोकावला. पडेगावच्या मंडळींतला एकजण तर खुर्चीवरून घसरला. अध्यक्षांनी चष्मा काढून रुमालानं पुसला, पुन्हा घातला आणि अत्यंत सावकाश मला विचारलं, "बाई, कादंबरी मागून कुणी वाचली म्हणालात?" धरणी दुभंगेल तर बरं असं नुसतं म्हणायची पद्धत आहे, मी खरोखरच पायाखालच्या फळीकडे बघितलं.

एकटे गुरुजी हसले नाहीत. माझ्याकडेच बघत राहिले. आभार मानायला उठले ते दोन वाक्यं बोलून बसले.

खरी पंचाईत पुढेच होती. त्या आठवड्यात मी छापलेलं पुस्तक सरळ वाचलं, पहिल्या पानापासून, पानन् पान. आणि काय सांगू! शब्द तेच, माणसं तीच, एडका तोच. पण एडका पहिल्या वीस पानांतच येऊन गेला, आणि मग पुढे सगळा उतार. तिला आता काय होणार हे कळत जातं, नवरा दर प्रकरणाला जास्त रडतो, शेवटी दवाखान्यात तर वाचवत नाही इतका रडतो. प्राध्यापकांचं म्हणणं खरं होतं. रडगाणं होतं ते.

संपादकांचा निरोप आला, परीक्षण रविवारी हवंय, लोक वाट बघताहेत. बघणारच. मी दोन रात्री तळमळले. चांगली आहे म्हणावं तर छापलेल्या पुस्तकाबद्दल ते खोटं. वाईट म्हणावं तर ज्या माणसानं माझ्या एका कार्डावर बायको छापून काढली, त्याला काय सांगू, ती दिसत नाही म्हणून? यजमान म्हणाले, "ताप आलाय म्हणून कळव." मला खरंच वाटून गेलं, तसंच करावं. त्याचीही लाज वाटली.

शेवटी शनिवारी शाळा सुटल्यावर ल्यूनावर बसले आणि पडेगावला गेले. गुरुजी अंगणात बाज विणत होते. मी बसायच्याही आधी सगळं बोलून टाकलं. म्हणाले, "गुरुजी, मी चुकले. तुमची कादंबरी सरळ वाचली आणि मला ती आवडली नाही. उलटी वाचली तेव्हा जीव टाकला होता. आता मी काय लिहू?"

त्यांनी सुंभ खाली ठेवला. मला वाटलं, आता हाकलणार, आणि हाकललं असतं तर बरंच वाटलं असतं.

"म्हणजे सरळ वाचली तर ती दिसत नाय," ते म्हणाले.

"दिसते. पण जाताना दिसते."

"अन् तुमच्या सासऱ्यानं लावली तशी?"

"तशी वाचली तर येताना दिसते."

ते मान हलवत राहिले. मग उठून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला, साखर विसरले, पुन्हा उठून घातली. "मग तसंच लिहा की मॅडम," ते म्हणाले. "खोटं काय हाय त्याच्यात?"

मी तसंच लिहिलं. सगळं लिहिलं, मिसल, खुणा, अध्यक्षांची माफी, सगळं. आणि शेवटी लिहिलं की, वाचकांनी ही कादंबरी चौदाव्या प्रकरणापासून उलटी वाचत पहिल्यापर्यंत यावी, सरळ वाचू नये. संपादकांनी फोन करून विचारलं, "हे शुद्धीत लिहिलंय ना?" पुढचा महिनाभर माझी शहरात जी अब्रू गेली, ती विचारू नका. पुरवणीत पत्रं आली. एकानं विचारलं, पुस्तक उलटं धरायचं की आपण उलटं व्हायचं? शाळेत एका बाईंनी हजेरीपट माझ्यापुढे मागच्या पानावरून उघडून ठेवला. मामंजी तेवढे खूष होते. त्यांच्या मते पुरवणीत पहिल्यांदाच काहीतरी कामाचं छापून आलं होतं.

मार्गशीर्षात एका सकाळी गुरुजी दारात उभे. पिशवी नाही, काही नाही, नुसतेच आलेले. मी म्हणाले, "या, बसा." ते बसेनात.

"बसत नाय मॅडम, एस्टी हाय," ते म्हणाले. "एक सांगायचं होतं. ह्या तीन सालात ती कादंबरी मी किती खेपा वाचली असंल, गिणतीच नाय. दर खेपेला शेवट व्हायचा अन् मी दवाखान्यातून एकटाच घरी यायचो. तुम्ही लिहिलं तशी काल वाचली. चौदा, तेरा, बारा करत."

"मग?"

"दवाखान्यातून निघालो," गुरुजी म्हणाले, "अन् थेट तिच्या माहेराला जाऊन पोचलो. हसत होती हो."